वळणावर आलेलं पेन

शोभाबाई लिहितात हे नालवाडीच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. भाजी चिरता चिरता काही सुचलं की त्या पदराला हात पुसत उठायच्या आणि फ्रीजवर पडलेल्या पेनांपैकी जे चालेल ते उचलायच्या. कुठलं औषधाच्या दुकानातून मिळालेलं, कुठल्याचं टोपण हरवलेलं, कुठल्याची रिफिल मध्येच मान टाकणारी. तळहातावर गिरगटून ते चालू करायचं आणि लिहायचं. ओळखीपाळखीच्या माणसांवर त्यांनी असं बरंच लिहिलं होतं. त्यातला एक लेख यंदा वर्ध्याच्या एका दिवाळी अंकात छापून आला.

त्यांचे यजमान प्रभाकरराव यांनी सारी उमर सेलूला कापडाचं दुकान चालवलं. आता दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले होते. बायकोच्या लिहिण्यावर त्यांचं एकच ठरलेलं वाक्य, "काय खरडून राह्यली वं?" पण अंक घरी आला तेव्हा त्यांनी कापडाचा पोत पाहावा तसा कागद चिमटीत धरून पाहिला, चष्मा लावून लेख वाचला, पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी काही न सांगता नागपूरची बस धरली. संध्याकाळी परतले ते एक लांबट डबी घेऊन.

डबीत काळंभोर, धातूचं, वजनदार असं शाईचं पेन होतं. सोबत शाईची दौत.

"अहो, एवढं भारी काऊन आणलं? मी का कोणी मोठी लेखिका आहो?"

"दुकानदार म्हणे, नातवंडाईच्या हाती जाईन पण मोडणार नाई. आन् शिंप्याच्या हाती का भाजी कापाचा चाकू देते कोणी? लिहिणाऱ्याले लिहाचंच पेन पाहिजे."

शोभाबाईंचे डोळे भरून आले. नवरा आपल्याला 'लिहिणारी' म्हणाला, हे त्यांना पेनापेक्षा मोठं वाटलं.

सकाळी त्या नवी वही घेऊन बसल्या. रोहण्याला माहेरी त्यांची धाकटी बहीण होती, रक्षा. शाळकरी वयातच तापानं गेली. तिच्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं, पण चार ओळींपुढे हात जात नसे. आता असं पेन हाती आल्यावर तरी लिहून होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, 'काळाच्या निष्ठुर वादळात अकाली गळून पडलेली ती कोवळी कळी...' वाचून पाहिलं. असले शब्द त्या बोलताना कधी वापरत नसत, आणि रक्षाला ऐकवले असते तर ती पोट धरून हसली असती. पान फाडलं. पुढचे काही दिवस हेच झालं. शेवटी पेन पुसून डबीत आणि डबी कपाटात साड्यांखाली गेली. प्रभाकरराव फिरायला गेले की त्या पुन्हा फ्रीजवरची पेनं चाचपू लागल्या.

प्रभाकररावांनी दौत उजेडात धरून पाहिली होती. शाई तेवढीच. मग एकदा चहा पिताना कपाकडे बघतच म्हणाले, "पेन पसंत नाई पडलं का? बदलून आणतो."

शोभाबाई कानकोंड्या झाल्या. "पेन लय चांगलं आहे हो. तेच तर होते ना!"

"मंजे?"

"ते हातात आलं का वाटते, आता काहीतरी मोठं लिहा लागते. मंग लिहिलेलं माहं वाटतच नाई. सत्काराच्या भाषणावानी होते."

प्रभाकररावांनी कप खाली ठेवला. "लग्नातला तुहा शालू कुठं आहे?"

"कसर लागली त्याले. ठेवून ठेवूनच गेला."

"मी गिऱ्हाइकाले हेच सांगत जाओ. भारी कापड पेटीत सडते, अंगावर टिकते. पेनाले घरकामाले लाव. किराण्याची यादी लिही त्यानं."

"यादी? ह्या पेनानं?"

"मंग! राबलं का येईन वळणावर."

शोभाबाईंनी लिहिलं, तूरडाळ, हिंग, कपड्याचा साबण. एखाद्या राजाला दळण टाकायला पाठवल्यासारखं वाटून त्यांना हसू आलं. मग दूधवाल्याला चिठ्ठी, कॅलेंडरवर गॅसची तारीख, लोणच्याच्या बरणीवर 'कमी तिखट'. बोटांना शाई लागू लागली. एके दिवशी पेन ओट्यावरून घरंगळून फरशीवर आपटलं. त्या धावल्या. उचलून पाहिलं तर टोपणाला नुसता ओरखडा, बाकी पेन ठणठणीत. आणि खरं सांगायचं तर तो ओरखडा पाहून त्यांना बरंच वाटलं. आता जपायचं असं काही उरलं नव्हतं.

एका दुपारी प्रभाकरराव बँकेत गेले होते. बाजारातून आणायच्या वस्तू लिहिताना शोभाबाईंनी 'संत्री' लिहिलं आणि पेन थांबलं. त्याच्याच खाली त्यांनी लिहिलं, 'रक्षा संत्र्याची फोड डोळ्यापुढे धरून सूर्य पाहायची.' मग ती साल पिळून सगळ्यांच्या डोळ्यांत कशी उडवायची ते. तापात तिला संत्रं द्यायचं नाही म्हणून बाबांनी टोपली माळ्यावर ठेवली होती ते. शोभानं चोरून एक फोड तिच्या तोंडात घातली, तेव्हा तोंड न उघडता ती कशी हसली ते. कागद संपला, तशी त्यांनी वही ओढली.

प्रभाकरराव परतले तेव्हा शोभाबाई मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांनी चपला न वाजवता काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा टाकला आणि कप त्यांच्यापुढे ठेवून शेजारी बसले. हात थांबल्यावर शोभाबाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"एवढ्या वर्षांत हे तू मले कधी सांगतलं नाई," प्रभाकरराव म्हणाले.

"मलेच कुठं सांगता येत होतं?"

"तिचा फोटो आहे का एखादा?"

शोभाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. रोहण्याच्या त्या घरात तेव्हा कुणी कुणाचा फोटो काढला नव्हता.

प्रभाकररावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मंग आणखी एकदा वाच," ते म्हणाले. "आन् जरा हळू वाच."