रणगाड्याची नवमी

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या दक्षिणेला डोनाउमोस नावाची दलदल आहे. तिथली जमीन काळी, मऊ आणि लबाड. वरून शेतासारखी दिसते आणि पाय ठेवला की घोटा मागते. गुडघा दिला तर तोही घेते. ट्रॅक्टर तर तिचा आवडता खाऊ. म्हणून आलोइस क्रीगलने लढाई संपल्यावर आपली म्हातारी घोडी भंगारवाल्याला दिली आणि बदल्यात एक रणगाडा घरी आणला.

तोफ नव्हती, तोफेचा घुमटही नव्हता. दोन्ही कापून भट्टीत गेले होते. उरला होता तो नुसता देह. खाली रुंद लोखंडी पट्टे, पोटात इंजिन, पुढे चालवणाऱ्याची बसायची जागा आणि तिच्यावर झाकण. आलोइसने मागे नांगर जोडला आणि रणगाड्याला घोडीचंच नाव दिलं, त्सेन्झी. जी यंत्रं एकेकाळी रशियापर्यंत गेली होती त्यांतलं हे एक आता बटाट्याच्या सऱ्या पाडत होतं. दलदलीत न रुतणारं लोखंड पंचक्रोशीत तेवढंच.

आलोइसच्या घरी माडीवरच्या खोलीत आत्माराम राहत असे. कऱ्हाडचा मुलगा, म्युनिकला इंजिनिअरिंग शिकायला आलेला आणि इंगोलश्टाटच्या एका कारखान्यात सहा महिने उमेदवारी करणारा. त्सेन्झीची दुखणी तो काढायचा आणि भाड्यात सूट मिळवायचा. आलोइस त्याला ‘हेर इंजिनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणे, आणि बटाट्याची रास खोलीच्या दाराशी ओतायची असली की गोड आवाजात नुसतं ‘आत्मा’.

अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात आलोइसच्या मुलीचं, रेसीचं, लग्न ठरलं. नवरा कोरबिनियान, दलदलीच्या पलीकडच्या उंचवट्यावरचा. सोयरीक चांगली होती, पण सासू होती आफ्रा.

आफ्राबाईंची दोन मुलं. धाकटा कोरबिनियान. थोरला विन्सेन्झ रणगाडा चालवायचा. तो रशियाच्या बर्फात गेला आणि तिकडून चार ओळींचा कागद आला. तेव्हापासून बाईंचं म्हणणं एकच, की त्या जातीचं लोखंड माझ्या फाटकातून आत यायचं नाही. सोयरीक जुळताना त्यांनी हुंड्याचं काही विचारलं नाही, एवढं मात्र बजावून सांगितलं.

आता तिकडे एक रीत आहे. लग्नाच्या आधी काही दिवस नवरीचं सामान एका गाडीवर रचून, सजवून, गावभर मिरवत सासरी नेतात. कपाट, पलंग, पिसांच्या गाद्या, चादरींच्या चळती. या गाडीला काम्मरवागन म्हणतात. आत्मारामने ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे रुखवत. फक्त आमच्याकडे त्यात चिवड्याचे डबे असतात आणि तुमच्याकडे पलंग. ही गाडी ठरल्या दिवशी दिवसाउजेडी सासरच्या अंगणात शिरली पाहिजे. परत फिरली तर लग्नही फिरलं असं मानतात. कायद्यात हे कुठेच नाही, म्हणूनच ते सगळे पाळतात.

आणि त्या आठवड्यात पाऊस असा लागला, की दलदलीतला रस्ता रस्ता राहिला नाही. त्यात आलोइस माळ्यावरून पडला आणि मांडीपासून प्लास्टरमध्ये गेला. गाडी ओढणार कोण? त्सेन्झी. चालवणार कोण? आत्माराम. कोरबिनियानने आईशी दोन संध्याकाळ भांडून तह केला. रणगाडा फाटकाबाहेर थांबेल, गाडी सोडेल, तोंड फिरवून निघून जाईल, आणि फाटकातून आत गाडी ट्रॅक्टरच ओढेल.

दिवस मंगळवारचा ठरला, आणि मंगळवारी होती खंडेनवमी. श्रीपाद नावाचा आत्मारामचा मित्र गार्चिंगला अणुभट्टीत काम करत होता. देवधर्माची थट्टा करायची हा त्याचा नेम आणि पंचांग जवळ बाळगायचं हाही. त्याने पोस्टकार्डावर तिथी कळवली होती. खाली लिहिलं होतं, “मी इथे अणू फोडतोय. तू तिकडे रणगाड्याला कुंकू लाव. देश पुढे चाललाय.”

श्रीपादला हसायला काय जात होतं? आत्मारामचे वडील कऱ्हाडात ऑइल इंजिनं दुरुस्त करत. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून मांडायची, झेंडू वाहायचा, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावायचा नाही. एका वर्षी एक गिऱ्हाईक रडकुंडीला आलं म्हणून वडिलांनी पूजेनंतर इंजिन चालू केलं, आणि पट्ट्याने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पट्ट्याला जाळी नव्हती हे कारण. आईच्या दृष्टीने कारण दुसरं. आत्मारामला दोन्ही कारणं पाठ होती आणि दोन्ही पटत होती.

म्हणून त्याने बेत आखला. आधी काम, मग पूजा. सामान पोचवायचं, माघारी यायचं आणि दिवस मावळायच्या आत त्सेन्झीला फूल वाहून झोपवायचं. कुंकवाची डबी खिशात टाकली. झेंडू रेसीनेच परसातून तोडून दिले. तिकडे त्याला विद्यार्थ्याचं फूल म्हणतात. तुझंच फूल आहे, घे, म्हणाली.

दुपारी निघाले. पुढे त्सेन्झी, मागे गाडी. गाडीवर कपाट, कपाटाला रिबिनी, आणि गाद्यांच्या ढिगावर शिवणाचं मशीन मांडीत धरून रेसी. काळा चिखल दोन्ही बाजूंना दुभंगत होता. झाकण उघडं ठेवून आत्माराम डोकं बाहेर काढून बसला होता. त्याला आईचा जात्यावरचा सूर आठवला आणि शब्द आपोआप जुळत गेले.

रुखवत लेकीचं निघालं, चिखल-पाण्याच्या वाटेनं
लोखंडाचा नंदी माझा, त्याला ओढितो थाटानं

इंजिनाच्या आवाजात ते त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही. ओवीचं तसंच असतं, जात्याला ऐकू गेली तरी पुरते.

आफ्राबाईंच्या वाड्याला फाटक एकच, आणि दोन्हीकडे पाण्याने भरलेले चर. फाटक जवळ आलं तसा आत्मारामने ब्रेक दाबला. पण चिखलात ब्रेक म्हणजे नुसती विनंती असते. त्सेन्झीने ती ऐकून घेतली, विचार केला आणि हळूहळू घसरत अर्धी आत जाऊन थांबली. चालवणाऱ्याची जागा फाटकाच्या आत, इंजिन बाहेर.

तो मागे घेणार तोच गावातली पोरं दोरी घेऊन आडवी आली. नवरीची गाडी दोरीने अडवायची आणि दारू मिळेपर्यंत सोडायची नाही, हीही तिथली रीत. आलोइसने बाटली दिली होतीच. पोरं दोरीला टेकून निवांत पिऊ लागली. बाटली संपेपर्यंत गाडी जागची हलणार नव्हती.

आत्मारामने पश्चिमेकडे पाहिलं. ढगांखाली सूर्य पिवळा, बारीक झाला होता. माघारी पोचेपर्यंत तो राहणार नव्हता. त्याने विचार केला, आपलं काम तर झालं, गाडी पोचली, आता पुढचं ट्रॅक्टरचं. तो खाली उतरला. रुमालाने त्सेन्झीचं कपाळ पुसलं, कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडू ठेवले आणि हात जोडले. नारळ नव्हता, तेव्हा रेसीने वरून एक सफरचंद फेकलं. आई म्हणायची ती ओवी त्याने पुटपुटली. शेवटचा शब्द मात्र त्सेन्झीसाठी बदलून घेतला.

लोखंडा रे लोखंडा, तुला झेंडूची ही माळ
आज निजून घे बाबा, उद्या पुन्हा आहे गाळ

पूजा सांग झाली. मग त्याने मागे वळून पाहिलं, आणि म्युनिकच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकलेल्या माणसाच्या लक्षात आलं, की गाडी रणगाड्याच्या मागे आहे. रणगाडा फाटकात आहे. आणि रणगाडा आता उद्यापर्यंत हलायचा नाही.

कोरबिनियान ट्रॅक्टर सुरू करून आत उभा होता. तो आधी हसला, मग समजावू लागला, मग त्याचे कान लाल झाले. त्याला त्सेन्झी चालवता येत नव्हती. गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. पोरांनी दोरी कधीच सोडली होती, उलट आता तीच म्हणत होती की आत्ता मजा येणार. गाद्यांवर बसलेल्या रेसीने मशीन घट्ट धरलं होतं. आकाशात पुन्हा काळं भरून येत होतं, आणि सगळ्यांना माहीत होतं की गाडी इथून परत फिरली तर रेसीही फिरली.

आत्मारामने चावीकडे पाहिलं. मग त्याला वडिलांचा चहाचा कप धरणारा हात दिसला.

तेवढ्यात आफ्राबाई बाहेर आल्या. काळा झगा, काळा रुमाल, हातात कोंबड्यांच्या दाण्याची पाटी. जे लोखंड त्यांच्या फाटकातून येणार नव्हतं, ते फाटकात उभं होतं आणि वर नटलेलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही.

“हे बाहेर काढ.”

“नाही काढता येत, फ्राऊ आफ्रा.”

“बिघडलंय?”

हो म्हटलं असतं तर सुटला असता. बिघडलेल्या यंत्राला त्या देशात सगळं माफ असतं. पण आत्ताच जोडलेले हात अजून गार झाले नव्हते.

“बिघडलेलं नाही. त्याची आज सुट्टी आहे.” आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याने सांगितलं, की वर्षातून एक दिवस आमच्याकडे लोखंडाला फूल वाहतात. कोयता, नांगर, तलवार, जे असेल त्याला. आणि मग त्या दिवशी त्याला हात लावत नाहीत.

बाईंनी कुंकवाची बोटं न्याहाळली. “तलवारीला पण?”

“तलवारीला आधी.”

“मग हे काय आहे, तलवार की नांगर?”

“आम्ही विचारत नाही. दोघांनाही फूल एकच.”

“आणि त्या दिवशी कुणीच हात लावत नाही? एकही माणूस?”

“कुणीच नाही.”

 बाईंच्या पाटीतले दाणे एकेक करून खाली पडत होते आणि एक कोंबडी ते टिपत त्सेन्झीच्या पट्ट्यापर्यंत आली होती.

“असा एक दिवस आमच्याकडे ठेवायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “निदान विन्सेन्झ गेला त्या आठवड्यात.” मग मुलाकडे वळल्या. “ट्रॅक्टर बंद कर. सामान हातांनी आणा. वरून.”

वरून म्हणजे रणगाड्यावरून. मग जे झालं ते त्या गावाने आजवर पाहिलं नव्हतं. दारू प्यालेली पोरंच हमाल झाली. कपाट त्सेन्झीच्या पाठीवर चढलं आणि पुढून अंगणात उतरलं. पलंग आला. पिसांच्या गाद्या हातोहात गेल्या. शेवटी रेसी आली, मशीन कवटाळून, आणि झेंडूवर पाय पडू नये म्हणून लांब ढांग टाकून तिने सासरच्या अंगणात उडी मारली. पाऊस सुरू झाला तेव्हा भिजायला एकटी त्सेन्झीच बाहेर उरली होती.

आत्माराम गोठ्यावरच्या गवतात झोपला. उजाडताच उठला. दसऱ्याचा दिवस, सीमोल्लंघनाचा. यंत्र सुरू करावं, आलोइसकडे जावं आणि शिव्या खाव्यात असं ठरवून तो फाटकाशी आला, तर झाकण उघडं होतं आणि आत काळा रुमाल दिसत होता.

आफ्राबाई चालवणाऱ्याच्या जागी बसल्या होत्या. गुडघे पोटाशी आले होते. हात दोन दांड्यांवर होते, पण नुसते टेकलेले.

“माझा विन्सेन्झ दाराच्या चौकटीला डोकं आपटायचा,” त्या म्हणाल्या. “इतका उंच. मला वाटायचं, निदान ऐसपैस बसत असेल.”

 आत्मारामने खाली पडलेला एक झेंडू उचलून परत जागेवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला, बाईंनी तो धरला आणि त्या बाहेर आल्या. झगा झटकला, रुमाल नीट केला आणि म्हणाल्या, रणगाडा कुठे न्यायचा नाही. काम्मरवागनबरोबर आलेली जी वस्तू रात्रभर अंगणात राहते ती सासरची होते, अशी रीत आहे.

ही रीत कालपर्यंत कुणी ऐकली नव्हती. पण आफ्राबाईंनी ती सांगितली आणि ती झाली.

आलोइस प्लास्टरसकट गाडीत बसून भांडायला आला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. रणगाडा अर्धाच आत होता, तेव्हा फार तर अर्धा तुमचा. बाईंनी ते मान्य केलं. इंजिन तुझं, म्हणाल्या, बसायची जागा माझी. यावर पाद्र्यालाही तोड सापडली नाही. शेवटी ठरलं, की त्सेन्झी आफ्राबाईंच्या कोठारात राहील आणि कोरबिनियान ती चालवायला शिकून दोन्हीकडची दलदल नांगरेल. जे लोखंड फाटकातून आत येणार नव्हतं ते असं रुखवतात आलं आणि बाहेर जायला तयार होईना.

आत्माराम पुढे ड्युसेलडॉर्फला नोकरीला लागला. दर वर्षी उन्हाळा सरता सरता त्याला आफ्राबाईंचं एक पोस्टकार्ड येई, एका ओळीचं: ‘यंदा कधी?’ तो श्रीपादला विचारून तिथी कळवी. श्रीपाद हसे आणि पंचांग उघडे. त्या दिवशी त्सेन्झीच्या कपाळावर झेंडू आणि पाच बोटं असत. आत्मारामने दिलेलं कुंकू संपल्यावर बाई बीटाचा रस लावू लागल्या. नव्याने आलेल्या लोकांना वाटे, ही इथली फार जुनी चाल आहे.

बासष्टच्या नवमीला दलदलीच्या कडेने सैन्याचा सराव चालला होता. नवं सैन्य, नवे गणवेश, नवेकोरे रणगाडे. त्यांतला एक मऊ जमिनीवर वळला आणि दलदलीने त्याला पोटापर्यंत आत घेतलं. एक तरुण अधिकारी चिखलाने माखून आफ्राबाईंच्या फाटकाशी आला. गावात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की इथे एक म्हातारी आहे आणि तिच्याकडे असा एक रणगाडा आहे जो रुतत नाही. रेसी दुभाष्यासारखी मध्ये उभी राहिली, कारण तो उत्तरेकडचा होता आणि बाईंची बोली त्याला कळत नव्हती.

त्याने फार अदबीने विनंती केली. बाईंनी ऐकून घेतलं, कोठाराचं दार थोडं उघडून त्याला झेंडू दाखवले आणि दार लावलं.

“उद्या या,” त्या म्हणाल्या.

तो म्हणाला, रणगाडा आज आणखी खाली जाईल. सरावाचं वेळापत्रक आहे. वर कळवावं लागेल.

आफ्राबाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं. उंच होता. फाटकाच्या कमानीखाली त्याला मान झुकवावी लागली होती.

“आज कुणी हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. “एकही माणूस. तुझी माणसं बाहेर आली ना सगळी? मग इकडे आण त्यांना. बटाट्याचं सूप केलंय. आणि पाय लांब करून बसा म्हणावं.”