तेवीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद

मित्रांनो, मी चावीचं एक जुनं स्टॉपवॉच आहे. गेली दहा वर्षं माझे काटे एकाच जागी उभे आहेत. मी बिघडलेलो नाही. काटे शून्यावर नेणारं बटण कोणी दाबलं नाही, इतकंच.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवतो तो वेन्डेल होल्कम्बचा गळा आणि त्याच्या घामाने भिजलेली माझी दोरी. अमेरिकेत, मेरीलँडमधल्या त्याच्या वसाहतीत पोहण्याचा एक उघडा तलाव आहे. जून-जुलैत दर शनिवारी तिथे शेजारच्या वसाहतींशी शर्यती होतात, आणि वेळ मोजायला प्रत्येक घरातून एक आई नाहीतर बाप उभा राहावाच लागतो. प्रत्येक लेनवर तिघं असतात. बाकीच्यांकडे बॅटरीची घड्याळं असत, वेन्डेलकडे मी.

“हे काय रे, नोहाच्या नौकेतून उचललंस का?” शेजारीण डोरीन दरवर्षी विचारायची.

“नौका बुडाली असती तरी याने बरोबर वेळ दिली असती,” वेन्डेल म्हणायचा.

तिघांतली मधली वेळ धरायची असा नियम, आणि ती बहुतेकदा माझीच निघे. याचा मला फार गर्व होता. आता तो सांगतानाही लाज वाटते.

वेन्डेलला दोन मुली. दहा वर्षांपूर्वी मार्गो अठरा वर्षांची होती, टिली आठ वर्षांची. मार्गो वर्षभर एका मोठ्या क्लबकडून पोहायची. पहाटे क्लबचा सराव, मग ओल्या केसांनीच वसाहतीच्या तलावावर. क्लबचा कोच म्हणे, “त्या पोरखेळात खांदा दुखावून घेशील. एक काय ते ठरव.” वसाहतीची कोच म्हणे, “आता तुला आमची कशाला आठवण येईल!” मार्गो दोघांना हसून हो म्हणायची आणि गाडीत बसल्या बसल्या झोपायची.

तिला सोडवत नव्हती ती एक रिले. आमच्याकडे त्या रिलेत चार वयोगटांतले चौघं असतात. सगळ्यात लहान तिसरं पोहतं आणि सगळ्यात मोठं शेवटी, म्हणजे लहानाने घालवलेलं मोठ्याने भरून काढायचं. दोघी बहिणी त्या रिलेत एकत्र बसतील असा उन्हाळा आयुष्यात एकच होता. पुढच्या वर्षी मार्गोचं वय उलटणार होतं.

आणि वसाहतींची शेवटची स्पर्धा नेमकी क्लबच्या मोठ्या स्पर्धेच्या दिवशीच आली.

“सकाळी तिकडची फेरी पोहते आणि आई मला घेऊन येते,” मार्गोने टिलीला सांगितलं. “रिले नेहमी शेवटीच असते. तू भिंतीला हात लाव, वर बघ, मी उभी असेन.”

त्या सकाळी आभाळ भरून आलं. गडगडलं की सगळ्यांना पाण्याबाहेर काढावं लागतं, म्हणून पंचांनी रिले सगळ्यात आधी घ्यायचं ठरवलं. कोच धावत आली. “वेन्डेल, मार्गोच्या जागी दुसरी उतरवते.”

“नाही!” टिली ओरडली. “ती येणार म्हणाली आहे!”

“येईल ती,” वेन्डेल म्हणाला. “उशीर करणारी पोर नाही ती.”

वेळ मोजणाऱ्यांना फोन जवळ ठेवता येत नाही. त्याचा फोन तलावाच्या पलीकडे पिशवीत होता. जाऊन मार्गोला कळवायला दोन मिनिटं लागली असती. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि जागेवरच राहिला. कधी वाटतं, माझ्या त्या प्रसिद्ध अचूकपणासाठीच राहिला.

शिट्टी झाली. त्याने मला सुरू केलं. पहिली दोघं चांगली पोहली. टिली हातपाय झाडत आली, भिंतीला हात लावला आणि वर पाहिलं.

वर कोणीच नव्हतं.

ती बाहेर येईना. कठड्याला धरून पाण्यातच राहिली. बाकीच्या लेनची शर्यत संपली. डोरीनने आपलं घड्याळ थांबवलं. “वेन्डेल, अरे, थांबव ना.” त्याचा अंगठा माझ्यावर होता, पण तो दाबेना. गडगडलं, सगळ्यांना बाहेर काढलं, टिलीलाही उचलून काढलं. मी चालतच होतो. त्या रिकाम्या पाण्यात अजून कोणीतरी पोहत आहे, असं मला वाटत होतं.

मग फाटकातून मार्गो धावत आली, क्लबची टोपी डोक्यावर तशीच. तेव्हा त्याने मला थांबवलं. टिलीने तोंड फिरवलं.

मार्गो कॉलेजला गेली. बहिणींचं बोलणं सणापुरतं उरलं. वेन्डेलने मला खणात ठेवलं. मधूनच तो खण उघडतो, माझ्याकडे बघतो आणि बंद करतो. अंधारात मला अजून पाण्याचा आवाज येतो, मित्रांनो. आमच्या त्या चौथ्या लेनमध्ये कोणीतरी पोहत असतं आणि भिंत काही येत नाही.

परवा खण टिलीने उघडला. ती आता अठराची आहे. तिच्याही दोन स्पर्धा एकाच शनिवारी आल्या आहेत.

“बाबा, ही कसली वेळ?”

वेन्डेलने माझ्या काट्यांकडे पाहिलं. “त्या दिवशीची. मार्गो फाटकातून येईपर्यंतची. मी तिला फोन करायला हवा होता, टिली. केला नाही. रिले आधी घेतली हे तिला माहीतच नव्हतं.”

टिलीने मला उजेडात धरलं. “तेवीस मिनिटं? एवढाच उशीर? मला आठवतंय ती दिवसभर आलीच नव्हती.”

“पुसून टाक आता ती वेळ.”

“नको,” ती म्हणाली आणि तिने मार्गोला फोन लावला.

मित्रांनो, मला तेल घाला, कोरड्या जागी ठेवा, एवढंच मागायचं मी ठरवलं होतं. पण दुसरंच मागतो. कोणी आलं नाही म्हणून रुसून बसला असाल, तर ते का आलं नाही हे एकदा विचारा. दहा वर्षं थांबू नका. टिलीच्या हातातल्या फोनमध्ये रिंग वाजत होती आणि तिचा दुसरा हात माझ्याभोवती घट्ट आवळलेला होता. पलीकडून घाबरलेला आवाज आला, “टिली? काय झालं? मी येऊ का?”