कमरेखालची झोप

"खिडकीशी पलंग लावला, तर कपाटाचं दार निम्मंच उघडतं," हॉस्पिटलच्या खाटेभोवतीच्या पडद्याआड मुलगा कुरकुरला.

"मग कपाट हलवा. आणि हळू बोला, आई जाग्या असतील," सून म्हणाली.

आई जाग्याच होत्या. म्हणजे कमरेच्या वर. खाली दोन पाय निवांत पडलेले, कुणीतरी शिवायला टाकून विसरलेल्या कापडासारखे. पाठीत केसाएवढी बारीक नळी. तिच्यातून पंप थेंब थेंब औषध सोडत होता, आणि नव्या गुडघ्याचं दुखणं कुठेतरी लांब, धुक्यापलीकडे नांदत होतं. डोळे मिटले की पलंगासकट तरंगत त्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोचत, थेट शिवणयंत्रापाशी. वाटेत जिना म्हणून लागत नसे.

त्या खोलीचं नाव ऑपरेशनपासून कुणी काढलं नव्हतं. मुलगा आपल्या घरच्या वाऱ्याचं कौतुक सांगे, सून मऊ उशीचं. आईही "हो का?" म्हणत. पाय जागे झाले की चालवणार, चालल्या की घरी सोडणार. कुणाच्या घरी, ते पलंग कुठे लावायचा यावरून कळतच होतं. तेव्हा पाय झोपलेलेच बरे.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पडदा सारून बर्फाचा खडा घेऊन आल्या, मागोमाग मुलगा-सूनही. बधिरपणा कुठवर आहे, ते त्या असंच बघत.

"काकू, गार लागतंय?"

"नाही बाई."

"मांडीला?"

"छे! लाकूड झालंय नुसतं."

बर्फ तळव्याला टेकला. "इथे?"

"काही म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या, आणि अंगठा टुणकन आखडला.

"अंगठ्याला विचारलं नव्हतं हं मी!" डॉक्टरीणबाई हसल्या. सून फिसकन हसली, मग सासूही.

"दुखतंय का काकू? दुखत असेल तर औषध वाढवते. लपवायचं कशाला?"

"दुखत नाही हो."

"मग खोटं का? गार कळत नाही म्हणालात, तर पाठीत नळीपाशी काही बिघडलं की काय, अशी मला काळजी लागते. तुम्हाला उभंही करता येत नाही."

"म्हणूनच तर," त्यांच्या तोंडून निसटलं.

पंप बारीक घुरघुरत राहिला. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. सुनेने सासूच्या उघड्या पावलावर पांघरूण ओढलं, आणि हात तिथेच ठेवला.

"आई, तुम्हाला आमच्याकडे राहायला यायचंच नाहीये ना?"