गडद भाजलेल्या बिया

दुकानात शिरण्याआधी मी पर्समधली पुडी पुन्हा चाचपून पाहिली. गडद भाजलेल्या, तेलकट, काळ्याभोर कॉफीच्या बिया. मुद्दाम सुपरमार्केटमधून आणलेल्या. अशा बिया ठिसूळ असतात, हातग्राइंडरमध्ये भुसभुशीत मातीसारख्या दळल्या जातात. मनगटाला जोर लागणार नाही आणि माझ्या नवऱ्याला, एल्डनला, काही कळणार नाही.

उजवं मनगट कित्येक आठवडे दुखत होतं. अंगठ्याच्या मुळापासून कळ निघायची आणि पकड आपोआप सुटायची. कप फुटला होता, दुधाची बाटली पडली होती. आणि थिया, आमची सात महिन्यांची मुलगी, दिवसभर याच हातांत. एल्डनला सांगितलं तर तो मला तिला उचलूच देणार नाही. नाही सांगितलं तर... हा विचार मी कधी पुरा करत नसे.

हातग्राइंडर घ्यायचं कारणही थियाच. विजेचा ग्राइंडर घरघरला की ती दचकून उठायची. "तूच निवड," एल्डन म्हणाला होता. "दिवसा घरी तू असतेस. फिरवायचा तुलाच आहे."

काउंटरवरच्या मार्लोने तीन ग्राइंडर मांडले. थिया एल्डनच्या छातीशी झोळीत झोपली होती. मी पुडी पुढे केली. मार्लोने उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"माफ करा हं, या नाही घालू देणार. तेल आतल्या दात्यांना चिकटतं. मग पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जळका वास."

"इंग्रिड!" एल्डनने डोळे विस्फारले. "घरात इथिओपियाच्या बिया असताना हा कोळसा? कॉफीवेड्या पोर्टलंडातून हाकलतील आपल्याला."

"चुकून उचलली."

"लोक चुकून दुसऱ्याचा कोट उचलतात, बाई. हे कसं उचललंस?"

मी हसले. तोवर मार्लोने बरणीतून हलक्या भाजलेल्या बिया काढल्या, भुकटी चिकटू नये म्हणून त्यांवर पाण्याचा एक फवारा मारला आणि म्हणाली, "खडे आहेत अगदी. पण ग्राइंडरची खरी परीक्षा यांच्यावरच होते."

पहिला ग्राइंडर मी हातात घेऊनच खाली ठेवला. "फार जाड आहे." दुसऱ्याचा दांडा आखूड निघाला.

"अगं, फिरवून तर बघ! बुटांच्या दुकानातही असंच करतेस. पाय घालायच्या आत नापसंत."

तिसऱ्याला नाव ठेवायला काही सापडेना. मार्लोने त्यात बिया ओतल्या. मी उजव्या हाताने तो आवळून धरला आणि डाव्याने दांडा ढकलला. हललाच नाही. दोघंही बघत होती. मी सगळा जोर लावला. दात्यांत बी अडकली, ग्राइंडर हातात फिरला, अंगठ्यातून कळ गेली आणि बोटं उघडली.

ग्राइंडर फरशीवर आदळला. बिया दुकानभर. थिया किंचाळत जागी झाली.

"घ्या, हिच्यासाठी शांत ग्राइंडर शोधायला आलो होतो," एल्डन हसत म्हणाला आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनगट पोटाशी धरून उभी होते.

"लागलं?"

"आधीपासून दुखतंय. मला धरता येत नाही, एल्डन. असंच एक दिवस हिला..."

मार्लो झाडू आणायच्या निमित्ताने आत गेली.

"कधीपासून?"

"ही जड व्हायला लागली तेव्हापासून."

"आणि जिना? रोज हिला घेऊन उतरतेस तो?"

"बसून उतरते. एकेक पायरी. हिला पोटाशी घट्ट धरून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली वाकून बिया वेचू लागला, दोन-तीन वेचल्या आणि तशाच टाकून उठला.

"आज डॉक्टरकडे जायचं. इथून सरळ."

"आणि तोवर?"

"तोवर मी घरून काम करतो म्हणून कळवतो. बघू किती दिवस चालवून घेतात."

थियाने झोळीतून दोन्ही हात माझ्याकडे पसरले. माझे हात पुढे गेले आणि मध्येच थांबले. तिचं रडणं आणखी चढलं.

"खाली बस आधी," एल्डन म्हणाला.

मी स्टुलावर बसले. त्याने झोळीचे पट्टे सोडून तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः समोर गुडघ्यांवर बसला. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. त्याचा तळवा तिच्या पाठीला आधार देऊन तसाच होता. हात काढ म्हणावंसं मला वाटत होतं; काढला तर ती माझ्या हातून सुटेल, याचीही भीती वाटत होती.