एकवीस डागांचं जाकीट

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. मी ती सतरा वेळा सांगितली आहे आणि सतराही वेळा ऐकणाऱ्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं आहे. माझी नात तर मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवते आहे. हलव बाई, हलव. माझी एकच अट: खोटं पकडलंस की मोठ्यांदा बोलायचं. मी त्या शब्दावर थांबेन, पुढे एक अक्षर बोलणार नाही. पण उगाच खुसपट काढायचं नाही.

तर एक लॉन्ड्रीवाले होते. सगळा रस्ता त्यांना काका म्हणायचा. दुकान दहा बाय बारा. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोन टाक्या, वर गच्चीत वाळत घालायच्या दोऱ्या. काका धुवायचे, काकू इस्त्री करायच्या आणि काकांना गप्प बसवायच्या. यातलं दुसरं काम जास्त कष्टाचं.

डागांच्या बाबतीत काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. शर्ट नुसता उजेडात धरला की सांगायचे, "साहेब जेवताना पेपर वाचतात, आणि पेपरात परवा काहीतरी वाईट बातमी होती." डागाची कड बघून त्याचं वय सांगायचे, जसं लोक घोड्याचे दात बघून सांगतात. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी दोन नेम पाळले होते. पहिला, डाग घेऊन आत आलेला कपडा डाग घेऊन बाहेर जाणार नाही. दुसरा, गिऱ्हाइकाचा कपडा स्वतःच्या अंगाला लावायचा नाही. लॉन्ड्रीवाले रविवारी गिऱ्हाइकांचे कपडे घालून मिरवतात असं कुणी थट्टेतही म्हटलं की काकांची कानशिलं तापायची. "एकानं कुठंतरी केलं असेल," ते म्हणायचे, "म्हणून काय सगळी जातच तशी?"

आणि हेच काका रस्त्यापलीकडच्या पोरांबद्दल काय बोलत होते ते ऐका.

पलीकडे एका बंद गोदामाच्या तळघरात दहा-बारा पोरं-पोरी जमायची. नखशिखांत काळे कपडे, कमरेला साखळ्या, मुलांचे केस कमरेपर्यंत आणि एका मुलीच्या डोक्यावर केसच नाहीत. तिला सगळे टकली म्हणत आणि ती ओ देई. दुपारी तिथं गिटारी आणि ढोल सुरू झाले की काकांच्या टाकीतलं पाणी थरथरायचं. शेजारचे औषधवाले त्यांच्याबद्दलच्या ताज्या बातम्या रोज पुरवायचे.

"रक्त पितात म्हणे," औषधवाले म्हणाले.

"कुणाचं?"

"ते काही मी विचारलं नाही."

"मला काय वाटतं सांगू?" काका म्हणाले. "काळ्यावर डाग दिसत नाही. जो बारा महिने काळं घालतो त्याला काहीतरी लपवायचंय."

"तुम्ही दोघं गेली तीस वर्षं एकाच रंगाची विजार घालताय," आतून काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय लपवायचंय?"

एका सोमवारी त्या टोळीतला सगळ्यांत आडमाप पोरगा दुकानात शिरला. त्याचं टोपणनाव डोंगर. दारातून आत यायला त्याला वाकावं लागलं आणि तो आला तशी दुकानात संध्याकाळ झाली. काकांनी हळूच गरम इस्त्री हातात घेतली.

डोंगरानं दोन्ही हातांनी, तान्हं बाळ द्यावं तसं, एक जाकीट टेबलावर ठेवलं. जीन्सच्या कापडाचं, बाह्या खांद्यातून साफ कापून टाकलेल्या, पुढून-मागून बॅंडच्या नावांचे कापडी तुकडे शिवलेले. आणि मळ! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वासानं की आनंदानं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"काका, पाठीवरचा हा तुकडा उसवलाय. काकू शिवून देतील का? शनिवारपर्यंत हवंय." आवाज इतका हळू की काकांनी इस्त्री खाली ठेवली. "फक्त धुऊ नका हं. प्लीज."

पोरगा वाकून बाहेर गेला. काका जाकिटाकडे बघत राहिले.

"तो नको म्हणालाय," काकूंनी त्यांच्या नजरेवरूनच ओळखलं.

"लाजला असेल बिचारा. एवढी घाण घेऊन आला, वर धुवायला कुठल्या तोंडानं सांगणार?"

"त्यानं स्वच्छ शब्दांत सांगितलंय."

"शब्दच तेवढे स्वच्छ होते."

काकूंनी तुकडा शिवला आणि त्या बहिणीकडे दोन दिवस राहायला गेल्या. मंगळवारी काकांनी बाह्या वर सारल्या. स्वतःच्या, बरं का. नेहमीच्या सवयीनं आधी कॉलरच्या आत पक्क्या शाईनं दुकानाची खूण टाकली, दोन रेघा आणि एक टिंब. जगातला कुठलाही साबण ती काढू शकत नाही. मग कामाला लागले. एकवीस डाग निघाले. ग्रीस, गंज, चहा, चिखल, मेणबत्तीचं मेण, नाकातून आलेलं रक्त. पाठीवरचे चौदा डाग मात्र एकाच वयाचे दिसत होते. काकांना जरा नवल वाटलं, पण हात थांबला नाही. तीन पाण्यांनी धुतलं. पहिल्या पाण्याचा रंग असा होता की गटाराजवळ बसलेली मांजर उठून गेली. संध्याकाळी जाकीट आकाशासारखं निळं झालं आणि गच्चीवर डुलायला लागलं.

बुधवारी डोंगर सहज डोकावला. मागोमाग टकली. काकांनी जाकीट झटकून टेबलावर पसरलं आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

डोंगर इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला. स्टूल करकरलं. त्यानं कॉलरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान धुतलंत काका." आणि त्याच्या दाढीतून टपटप पाणी गळायला लागलं.

काकांनी आरडाओरडा, शिव्या, काच फुटणं, सगळ्याची तयारी ठेवली होती. "छान धुतलंत"ची नव्हती.

"अहो, ही जाकिटं कधी धुवायची नसतात," टकलीनं सांगितलं. "एकेक डाग म्हणजे गाण्यांचा एकेक कार्यक्रम. कुठं पडलो, कुणी उचललं, सगळं त्यावर असतं. आणि हे याचं नाहीच. याच्या दादाचं आहे."

मग सगळं बाहेर आलं. आईवडिलांमागं दादानंच डोंगराला वाढवलं. सहा वर्षांपूर्वी तो बोटीवर कामाला गेला, तेव्हा धक्क्यावर स्वतःच्या अंगातलं जाकीट काढून त्यानं धाकट्याला घातलं. म्हणाला, "सांभाळ. धुऊ नकोस." सहा वर्षांत दादानं एवढं एकच मागितलं होतं. तो शनिवारी परत येणार होता. संध्याकाळी पाचला दोघं भाऊ कार्यक्रमाला जाणार होते.

"मी सांगतो त्याला, माझी चूक आहे म्हणून," काका म्हणाले.

"चूक माझीच," डोंगर म्हणाला. "सांभाळ म्हणाला होता, आणि मी दुसऱ्याच्या हातात दिलं."

काका त्या रात्री जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी काकू परत आल्या, सगळं ऐकलं, आणि आश्चर्य म्हणजे ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डाग काढता येतात, तर पाडता येत नाहीत होय?"

काका ताडकन उठले. रस्ता ओलांडून, जन्मात पहिल्यांदा, त्या तळघराचा जिना उतरले. खाली रक्त नव्हतं. एक मुलगा परीक्षेचा अभ्यास करत होता, एक जण उंदीर नको म्हणून बिस्किटांचा चुरा झाडत होता आणि टकली ढोलावर रुमाल टाकून हळू वाजवत होती. "वरच्या मजल्यावरचं बाळ झोपलंय," ती म्हणाली.

"मला एकवीस डाग हवेत," काका म्हणाले.

दोन दिवस दुकानाच्या दारावर पाटी होती: आज बंद. आत टकलीनं टेबलावर खडूनं जाकिटाचा आकार काढला. डोंगर डोळे मिटून सांगत होता, "डाव्या खिशाखाली चहा. बशीएवढा नाही, कपाच्या बुडाएवढा." काका बारीक कुंचल्यानं चहा सोडत होते.

"काका, एवढं काय? ओता ना सरळ!"

"ओता? अरे, जुना डाग मधे फिका आणि कडेला गडद असतो. थेंब थेंब सोडायचा, वाळवायचा, पुन्हा सोडायचा. ओततात ते नवशिके."

गंजासाठी खिळे रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. ग्रीस सायकलच्या चेनचं. रक्तासाठी पोरांनी एकमेकांकडे बघितलं तेव्हा काकूंनी बीट आणि कॉफी उकळून असा रंग बनवला की औषधवाले काचेतून बघून मटकन खालीच बसले. "तरी मी म्हणत होतो!" ते म्हणाले. त्यांची पुढच्या महिनाभराची बातमी झाली.

वास राहिला होता. त्याचा उपाय पोरांनी केला. अकरा जणांनी आळीपाळीनं जाकीट अंगात घालून तळघरात उड्या मारल्या. शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "झालं. आता बाहेर टांगा."

शनिवारी चारला डोंगर दादाला घेऊन दुकानात आला. काकांनी मनात दुसरा डोंगर उभा केला होता. आला तो चष्मा लावलेला, बारीक केसांचा, शिडशिडीत माणूस. बॅंकेत चेक भरायला आल्यासारखा. त्यानं जाकीट घेतलं. हुंगलं. डाग बघितले. काका इस्त्री झालेल्या चादरीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होते. मग दादानं कॉलर उलटली आणि त्याचा हात थांबला.

दोन रेघा. एक टिंब.

काकांनी एकवीस डाग हुबेहूब जमवले, आणि एकोणचाळीस वर्षांच्या सवयीनं घात केला.

"जरा टॅक्सीतली माझी बॅग घेऊन ये," दादानं धाकट्याला बाहेर पाठवलं. मग शांतपणे विचारलं, "ही खूण कुणाची?"

"माझी," काका म्हणाले. चादर जळायला लागली होती. "तीन पाण्यांनी धुतलं मी. पोरानं नको सांगितलं होतं. त्याला एक शब्द बोलू नका. जे बोलायचं ते मला."

दादानं कॉलर पुन्हा सरळ केली. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, पण आवाज बाहेर जाऊ देत नव्हता.

"काका, कुणाला सांगू नका. हे घेतलं त्या पहिल्याच वर्षी, आई होती तेव्हा, तिनं ते भिजत घातलं होतं. मित्रांना काय तोंड दाखवू, म्हणून मी एका दुपारी गच्चीत बसून चिखल नि ग्रीस फासलं. पाठीवरचे चौदाच्या चौदा डाग माझे."

"तरीच!" काका ओरडले. "तरीच सगळ्यांचं वय एक!"

"हळू! तो त्यातला एकेक डाग कार्यक्रमाचा म्हणून पाठ करत मोठा झालाय."

डोंगर बॅग घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. तोंड असं, की परीक्षेचा निकाल कुणीतरी दुसराच वाचणार आहे.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. सांभाळलंस," दादा म्हणाला. "आणि काका आपल्याबरोबर येतायत."

काकांना नाही म्हणायची सवड मिळाली नाही. पाचला ते त्या सभागृहात होते. पुढे मंचाजवळ पोरं एकमेकांवर आदळत होती, काकांना वाटलं दंगल झाली. तेवढ्यात त्यांचा पाय सरकला आणि ते पडले. पडल्यापडल्या डोळे मिटले, आता तुडवतात म्हणून. पण जमिनीला पाठ लागते न लागते तोच चारी बाजूंनी हात आले, काळी नखं, अंगठ्या, साखळ्या, आणि काका पुन्हा उभे. कुणी चष्मा पुसून दिला, कुणी चप्पल शोधून आणली. "आमचा हा एकच नियम," टकली त्यांच्या कानात ओरडली. "पडला की उचलायचं."

मग दादानं अंगातलं जाकीट काढलं आणि काकांना घातलं. एकोणचाळीस वर्षांचा नेम! काकांनी कापडावरून हात फिरवला, आणि नाही काढलं. पोरांनी त्यांना डोक्यावर उचललं. हातांवरून हातांवर काका मागे निघाले, सभागृहाच्या दारातून बाहेर. बाहेरही रांग होती, त्यांनीही झेललं. चौक ओलांडला. वाहतूक पोलिसानं शिट्टी वाजवायची सोडून हात वर केले, काका त्याच्याही हातावरून गेले. औषधवाल्यांच्या हातून खोकल्याची बाटली सुटली. असे काका अख्ख्या रस्त्यावरून तरंगत थेट आपल्या दुकानापाशी आले, आणि पुढेही गेले असते, पण काकू दारात उभ्याच होत्या. त्यांनी हात लांबवला, जाकिटाची उजवी बाही घट्ट पकडली, आणि...

"बाही? आजोबा, कुठली बाही? बाह्या तर खांद्यातून साफ कापलेल्या होत्या!"