खळ कुणी पातळ केली

पाळी आल्यावर बाजूला बसलेल्या बाईनं सुताला लावायच्या खळीच्या पातेल्याकडे फिरकायचं नाही, खळ पाणी होते. आणि का, ते विचारायचं नाही. भवानी पेठेतल्या कोंडीबांच्या घरचा हा नियम. तो ज्या तोंडातून निघतो, त्याच तोंडातल्या लाळेतून मी बोलतोय. मी अमायलेज, पिष्ट तोडणारं विकर.

मी म्हणजे एक लांबलचक साखळी, घड्या घालून घालून गोळा झालेली. सगळी करामत माझ्या अंगावरच्या एका खाचेत. पिठातलं पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ. ती खाचेत नेमकी बसते. मी तिला जरा मुरडतो, सांध्यात पाण्याचा कण घुसवतो, की माळ तुटली. मी जसाच्या तसा, पुढच्या माळेला मोकळा. सूतही तसल्याच मण्यांचं, पण त्यात एकाआड एक मणी उलटा जोडलेला. ते खाचेत बसत नाही, म्हणून माझ्या तावडीतून सुटतं.

कोंडीबा हातमागाचे जुने कारागीर. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला लावायची पिठाची खळ कोमट झाली, की ते बोट बुडवून चाटतात आणि तेच बोट पुन्हा बुडवतात. चार-पाच वेळा तरी. त्या बोटावरून मी पातेल्यात उतरतो. उकळत्या खळीत माझ्या घड्या उलगडल्या असत्या, खाच मोडली असती, मी संपलो असतो. कोमट खळ म्हणजे मला पंगतच.

यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात, आज सकाळी, रोज लगेच सुताला लागणारी खळ तासभर तशीच राहिली आणि पार पाण्यासारखी झाली. माग अडला. पुतणी विजयमाला बाजूला बसलेली, आणि कॉलेजचं पुस्तक घ्यायला पातेल्याजवळून गेलेली. मग काय, कोंडीबांची बहीण गोजरबाई हिनं निकाल देऊन टाकला. पोरगी शिकून माजली, उद्यापासून कॉलेज बंद. कोंडीबांनी मान डोलावली आणि आवंढा गिळला. त्या आवंढ्यात खरा गुन्हेगार होता, पण मला कोण विचारतो?

विजयमाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ती रडली नाही. आत्याच्याच हातून तिनं नवी खळ शिजवून घेतली, कोमट झाल्यावर दोन वाट्या भरल्या. एकीत स्वतःचा धुतलेला हात मनगटापर्यंत घातला. आत्या डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली.

"काका, ही दुसरी कशी झालीय बघा की," विजयमाला म्हणाली. "रोजच्यासारखी चाखून."

काकांनी बोट बुडवलं, चाटलं, बुडवलं. मी उतरलो आणि कामाला लागलो.

अर्ध्या तासानं तिनं दोन्ही वाट्या फरशीवर उपड्या केल्या. तिची खळ वाटीलाच चिकटून राहिली. काकांची ओघळत थेट आत्याच्या पायापर्यंत गेली.

"म्हाताऱ्या मानसाचं उष्टं काढतीस व्हय गं?" आत्या पुटपुटली.

"आत्ती, तुम्ही काकांना बाजूला बसवा, नाहीतर कुणालाच नको. मी आजपासून बसणार नाही. आणि उद्या कॉलेजला जाणार."

आत्यानं भावाकडे पाहिलं. कोंडीबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता नियम निघणार. जीभ हलली, दातांना टेकली, आणि तोंड मिटलं. अजून ते मिटलेलंच आहे.