राखीव पाण्यातली झडती

मी गस्तीच्या बोटीवरची आकडी बोलतेय. लांब दांडा, टोकाला लोखंडी हूक. दुसरी नाव जवळ ओढून धरायची, हे माझं काम. सध्या मात्र अंगावर लाखेची मोहोर घेऊन कोर्टाच्या टेबलावर पडले आहे. आज निकाल आहे आणि मला धीर निघत नाही!

लोहाराने मला ठोकून काढलं तेव्हा वाटलं होतं, जन्म झाडावरची फळं पाडण्यात जाणार. पण नशीब बघा, रेंजरबाईंच्या हाती पडले. आमच्या राखीव समुद्रात मासेमारीला बंदी. तिथे नाव दिसली की ती थांबवायचा, झडती घ्यायचा, माल जप्त करायचा अधिकार बाईंना आहे. पण त्यालाही रीत आहे. आधी दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर स्वतःची झडती द्यायची, मगच दुसऱ्याच्या नावेत पाय ठेवायचा.

गेल्या वर्षी बाईंनी घाईत नेमकी हीच पायरी गाळली. माल बाईंनीच आणून ठेवला, असं नावेच्या मालकाने ठणकावलं आणि तो सुटला. "पुन्हा असं झालं तर गस्त बंद, ऑफिसात बसायचं," वरच्या साहेबांनी सुनावलं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मलाही फार वाईट वाटलं.

आणि या वर्षी तीच नाव, भर दुपारी, राखीव पाण्यात!

"वॉरंट आहे का?" मालक गुरगुरला.

"इथे लागत नाही. संशयाचं कारण लिहून देते, हे घ्या."

हद्दीबाहेर जाळं ओढणारं एक जोडपं पंच म्हणून आलं. बाईंनी बूट, पिशवी, खिसे सगळं त्यातल्या मावशींना दाखवलं. मी नावेची कड धरून ताटकळत होते. आमची बोट चालवणारे काका चुळबुळले, "बाई, आटपा. तोवर हा माल फेकून देईल."

"फेकू दे. आधी माझी झडती."

मग फळ्या उचलल्या, बर्फ उपसला. हाती काय लागलं? फाटका रेनकोट! मालक दात काढत होता. 'काही मिळाले नाही' असं लिहायला बाईंनी पेन टेकवलं आणि काकांनी मला खेचलं.

मी येईना! लाटेने घसरून माझा हूक नावेच्या पोटाखाली गेला होता आणि तिथल्या एका दोराच्या गाठीत रुतला होता. ओढा काका, ओढा! काकांनी शिवी हासडून जोर लावला, तसं पाण्याखालून जाळीचं पोतं वर आलं. आत समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी राहणारे, काकडीसारखे लांबट मऊ जीव, ज्यांना पकडायलाच बंदी. शेकड्याने, सगळ्या जिवंत!

"हे आमचं नाही," मालक म्हणाला. "समुद्रात काय वाट्टेल ते सापडतं."

"मेल्या, दोराचं दुसरं टोक तुझ्याच नावेच्या बुडाच्या कडीला बांधलंय की!" पाण्यात वाकून बघत मावशी कडाडल्या.

काका गाठ सोडायला गेले, तर बाईंनी त्यांचा हात धरला. "गाठ तशीच राहू द्या, तोच पुरावा. दोर कापा आणि आकडीसकट मोहोरबंद करा." फोटो, पंचनामा झाल्यावर समुद्रकाकड्या तिथेच पाण्यात सोडल्या. मी मात्र मुद्देमाल झाले! आठ महिने कपाटामागे धूळ खात होते. रागही आला, खोटं कशाला बोलू?

थांबा, न्यायाधीश बोलताहेत. गुन्हा शाबीत! नाव सरकारजमा! बाई डोळे पुसताहेत आणि मला तर नाचावंसं वाटतंय.

"आणि या आकडीचं काय? मोडीत काढायची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नको, साहेब!" बाई ताडकन उठल्या. "उद्या सकाळी गस्त आहे. तेवढी आत्ताच द्या."